मौनाचे सहक्षेपण

आकाशवाणीच्या प्रादेशिक केंद्रांवरून नव्या मराठी चित्रपटांची चिकित्सा आणि स्थानिक रंगकर्माची दखल झपाट्याने आक्रसत आहे. प्रसार भारतीच्या हिशेबी दृष्टीला हा वेळापत्रकातील किरकोळ फेरफार वाटत असेल. महाराष्ट्राच्या सांस्कृतिक स्मृतीवर मात्र तो थेट घाला आहे.

१९५५-५६ मध्ये पुणे केंद्राने ‘गीतरामायण’ आठवड्यामागून आठवडे श्रोत्यांपर्यंत पोहोचवले. सीताकांत लाड यांच्यासारखा कल्पक अधिकारी, कवी ग. दि. माडगूळकर व संगीतकार सुधीर फडके यांची जोडी आणि केंद्राच्या हाती असलेला स्वतःचा वेळ यांतून ते घडले. आज नियमित भरतीअभावी निर्मितीची पदे ओस पडली आहेत, केंद्रांचा डोलारा नैमित्तिक उद्घोषकांच्या खांद्यावर उभा आहे आणि उरलेली पोकळी अन्य केंद्रांच्या सहक्षेपणाने बुजवली जाते. जून २०२३ मध्ये तर पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभागच गुंडाळण्याचा आदेश निघाला. लोकक्षोभामुळे तो आदेश स्थगित झाला. त्यामागची वृत्ती स्थगित झालेली नाही.

प्रसार भारती अधिनियम, १९९० देशातील विविध प्रदेशांच्या संस्कृतींना व भाषांना योग्य स्थान देण्याचे कर्तव्य या संस्थेवर सोपवतो. हे कर्तव्य महसुलाच्या तराजूत तोलणे म्हणजे सार्वजनिक प्रसारणाचे प्रयोजनच नाकारणे होय. मराठीच्या अभिजात दर्जाचे पेढे वाटणाऱ्यांना त्याच भाषेतील कलाव्यवहारासाठी आठवड्यातला अर्धा तास जड व्हावा, यापरता विरोधाभास कोणता?

याची पहिली किंमत चित्रपट मोजेल. जाहिरातीचे बळ नसलेल्या मराठी चित्रपटाचे भवितव्य शुक्रवार ते सोमवार या चार दिवसांत ठरते. त्याविषयी जिल्ह्यात निःस्पृह चर्चाच झाली नाही, तर प्रेक्षकाला पत्ता लागण्याआधीच पडद्यावरून त्याची उचलबांगडी होईल. खासगी एफएमवर कलावंतांच्या हसऱ्या मुलाखती होतात; पण प्रसिद्धी आणि समीक्षा यांतील सीमारेषा जपणे हा त्यांचा व्यवसाय नाही. मोबाइलवर सर्व काही मिळते हा युक्तिवादही फसवा आहे. तेथे आधीच गाजलेलेच पुन्हा पुढे ढकलले जाते. वेंगुर्ल्याच्या जत्रेतला आजचा दशावतार तेथे कोणी सुचवत नाही.

दुसरी किंमत अधिक भीषण आहे. दशावतारातील संवाद बहुतांशी रंगमंचावरच उत्स्फूर्तपणे जन्मतात. ज्या कलेला लिखित संहिता नाही, तिच्या कलावंताचे ध्वनिमुद्रण हाच तिचा दस्तऐवज. ते आज झाले नाही, तर त्या कलावंतासोबत एक अख्खी परंपरा निःशब्द होईल. वडसा-देसाईगंजमधून झाडीपट्टीच्या गावोगाव जाणारी नाटके आणि राज्य नाट्य स्पर्धेत उतरणारे हौशी संघ यांची साक्ष ठेवणारेही कोणी उरणार नाही.

आणि साक्ष संपली की जाब विचारणेही संपते. ऑगस्ट २०२४ मध्ये कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह आगीत भस्मसात झाले तेव्हा सारा महाराष्ट्र हळहळला. परंतु अनेक नाट्यगृहे आगीविनाच, गळक्या छपराखाली आणि मोडक्या खुर्च्यांत मरत असतात. त्यांच्या दुरवस्थेवर गावाच्या भाषेत, गावाला ऐकू जाईल असे बोलणारे सार्वजनिक व्यासपीठ नष्ट झाले, तर पालिकांना भूखंडाचे मोल तेवढे दिसेल.

म्हणून प्रत्येक केंद्रावर नवा चित्रपट आणि स्थानिक कला यांसाठी साप्ताहिक राखीव वेळ, समीक्षकांना मतस्वातंत्र्य व सन्माननीय मानधन, निर्मात्यांच्या नियमित नेमणुका आणि जुन्या ध्वनिमुद्रणांचे जतन या गोष्टी तातडीने झाल्या पाहिजेत. केंद्र सरकारने निधी द्यावा, राज्याच्या सांस्कृतिक खात्याने पाठपुरावा करावा आणि लोकप्रतिनिधींनी संसदेत जाब मागावा. आज वाचवलेला खर्च उद्या कोणत्याही अर्थसंकल्पातून भरून निघणार नाही. कारण प्रक्षेपक नव्याने उभारता येतो, ज्याला कधी कोणी ऐकलेच नाही तो कलावंत नव्याने घडवता येत नाही.