बाधा नव्हे, स्वमग्नता



आपल्या बुलढाणा जिल्ह्यात पिंपळगाव सराईला सैलानी बाबांचा दर्गा आहे. होळीच्या सुमारास तिथे मोठी यात्रा भरते. घरातल्या मनोरुग्णाला घेऊन दुरून आलेली हिंदू-मुस्लिम कुटुंबं तिथे दिसतात. अशाच आशेने कुणी न बोलणारं लेकरू घेऊन निघालं, तर त्या आई-वडिलांना आम्ही नावं ठेवणार नाही. दुआ जरूर मागावी. पण ‘बाधा झाली’ असं समजून उपायात वर्षं घालवू नयेत. ते मूल कदाचित स्वमग्न असेल. यालाच ऑटिझम म्हणतात.

यात मेंदूची वाढच वेगळ्या रीतीने होते, आणि त्याची सुरुवात जन्माआधीच झालेली असते. मूल नावाने हाक मारली तरी वळत नाही, नजरेला नजर देत नाही. हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही. आपला हात धरून तिथवर नेतं. खेळण्यातल्या गाडीचं चाकच फिरवत बसतं. कुकरची शिट्टी झाली की कान झाकून घेतं. सगळीच लक्षणं प्रत्येक मुलात नसतात.

यावर घरोघरी काय ऐकू येतं? ‘आईने लक्ष दिलं नाही.’ एके काळी काही डॉक्टरसुद्धा आईलाच दोष देत. ते साफ चुकीचं ठरलं. ‘लस टोचल्याने झालं.’ गोवराच्या लसीवर असा संशय घेणारा लेख १९९८ साली ब्रिटनमधल्या ‘लॅन्सेट’ साप्ताहिकात आला होता. २०१० मध्ये त्या साप्ताहिकानेच तो मागे घेतला. ‘त्याचा बापही उशिराच बोलला होता.’ हे वाक्य प्रेमाचं असतं, पण सर्वात महाग पडतं. कारण लहान वयातच शिकवण्याचा उपयोग जास्त होतो.

स्वमग्नता घालवणारं औषध नाही. तसं सांगून पैसे घेणाऱ्यापासून दूर राहा. स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी आणि घरच्यांनी रोज धीराने घेतलेला सराव, यांनी मूल पुष्कळ शिकतं. दीड-दोन वर्षांच्या मुलात वरची लक्षणं दिसली, तर आधी कानाची तपासणी करा आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत मुलांची तपासणी होते. तिथल्या डॉक्टरांना हे मोकळेपणाने सांगा.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगतेचं प्रमाणपत्र असेल, तर ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. ‘निरामय’ या सरकारी विमा योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतच्या खर्चात थेरपीही धरलेली आहे.

आणि शेजारणींनो, लग्नकार्यात असं मूल ओरडलं, तर त्याच्या अम्मीकडे रोखून बघू नका. तिला जरा बसू द्या. तोवर मुलाला एखाद्या शांत खोलीत घेऊन जा.