अस्सलपणाचा शिक्का आणि परक्या मुलखातली चूल

मारिओ मोनिचेल्ली यांच्या १९७१ सालच्या 'ला मोर्तादेल्ला' या चित्रपटाची नायिका (सोफिया लोरेन) न्यूयॉर्कच्या विमानतळावर उतरते ती मोर्तादेल्ला, म्हणजे डुकराच्या मांसाचे जाडजूड सॉसेज, घेऊनच. कस्टमवाले ते आत नेऊ देत नाहीत आणि बाई ते सोडत नाहीत. आपण हसतो. पण तिच्या त्या हट्टात जे आहे, ते आजच्या अस्सलवाद्यांच्या हट्टात मुळीच नाही, असे आमचे म्हणणे आहे.

हे अस्सलवादी आमच्या स्टाफरूममध्येही आहेत. परदेशी चर्चासत्राहून परतलेले एक सहकारी न्यूयॉर्कमधल्या इटालियन वस्तीतल्या जेवणावर तासभर तुच्छतेने बोलले. चीजवर 'पार्मिजानो रेज्जानो'चा शिक्का नव्हता आणि स्पॅगेटीवर चक्क मांसाचे गोळे होते! इटलीत असे कोणी खात नाही म्हणे.

खात नसतील. पण का? १८८० ते १९२० या चाळीस वर्षांत सुमारे चाळीस लाख इटालियन अमेरिकेत गेले. त्यांतले बहुसंख्य दक्षिणेकडचे, कंगाल शेतकरी आणि मजूर. मांस त्यांच्या ताटात यायचे ते सणासुदीला. पार्मिजानो हे तर उत्तरेकडच्या पार्मा-मोदेना परिसरातले चीज. (उत्तरेतही सारे सुखात होते असे नव्हे, मक्याच्या पोलेंटावरच जगणाऱ्या तिथल्या गरिबांना पेलाग्रा जडत असे.) अमेरिकेत मांस स्वस्त मिळाले, तेव्हा या माणसांनी सणाचे जेवण रोजचे केले. ते गोळे भुकेने वाढलेल्या पिढीने पोटभर जेवल्याची खूण आहेत. त्यांना 'नकली' म्हणणारा माणूस खाद्यसंस्कृतीचा नव्हे, वेष्टनांचा अभ्यासक होय.

आता शिक्क्याविषयी. युरोपात पार्मिजानो रेज्जानोचे नाव १९९६ पासून संरक्षित आहे आणि 'पार्मेजान' हे नावही त्याच संरक्षणात मोडते, असे युरोपीय न्यायालयाने २००८ मध्ये म्हटले. त्याला आमचा विरोध नाही. किमान बारा महिने चीज मुरवत ठेवणाऱ्याचे नाव दुसऱ्याने लाटू नये, हे उघड आहे. मात्र हा व्यापाराचा न्याय झाला. त्याने चीजचे गाव ठरते; गाव सोडून गेलेल्या माणसाचे इटालियनपण ठरत नाही.

शिवाय ज्याला 'परंपरा' म्हणून डोक्यावर घेतात, तिचे वय तरी पाहावे. टोमॅटो मुळात अमेरिका खंडातला. कार्बोनाराचे नाव दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या पाकपुस्तकांत सापडत नाही. इटलीत रांधणारी माणसे बदलत राहिली की ती परंपरा, आणि बोटीत बसून गेलेली माणसे बदलली की ती भेसळ! हा कोणता न्याय?

पार्माच्या प्रसिद्ध हॅमला अमेरिकेने दीर्घ बंदीनंतर १९८९ मध्ये दार उघडले. त्याआधीच्या बायाबापड्यांनी काय करावे, अशी अस्सलवाद्यांची अपेक्षा होती? त्यांनी घराच्या तळघरात स्वतःची सॉसेजेस टांगली, मिळेल त्या दुधाचे चीज लावले आणि मुलांना जेवू घातले. आमच्या सहकाऱ्यांना आम्ही हे सांगितले. ते म्हणाले, "पण चव?"

चव त्या मुलांना विचारायला हवी होती. आमचे सहकारी तिथे जेवले एकच दिवस.