बीट बनवणाऱ्याचं नाव कुठंय?

एखाद्या प्रोड्युसरने स्वतःच्या नावावर पहिला हिपहॉप अल्बम काढला की खाली एक कमेंट ठरलेली असते. "रॅप तर सगळं पाहुण्यांनी केलंय, मग ह्याने केलं काय?"

मंडळी, हा प्रश्न आपण गीतरामायणाला कधी विचारला का? १९५५ साली पुणे आकाशवाणीवर ते सुरू झालं. ५६ गाणी, माणिक वर्मांपासून वसंतराव देशपांड्यांपर्यंत कितीतरी गळे. तरी शब्द गदिमांचे आणि संगीत बाबूजींचं, हे घराघरात पाठ आहे. मग लॅपटॉपवर चाल बांधणाऱ्या पोराला वेगळा न्याय का?

हिपहॉपमध्ये हे काही आजचं फॅड नाही. न्यूयॉर्कच्या क्वीन्सब्रिज वस्तीतल्या मार्ली मार्लचा 'इन कंट्रोल, व्हॉल्यूम १' आला १९८८ साली. त्यातल्या 'द सिम्फनी' या एकाच गाण्यात मास्टा एस, क्रेग जी, कूल जी रॅप आणि बिग डॅडी केन असे चौघं आहेत. अल्बमवर नाव मात्र मार्लीचं. जुन्या रेकॉर्डमधला ड्रमचा एकेक ठोका सुटा कापून त्यातून नवा ताल उभा करणाऱ्यांत तो अगदी पुढे होता. कोणता आवाज कुठे शोभेल हे तोच ठरवायचा. हे काम नाही तर काय आहे?

आता आपल्याकडे या. 'मेरे गली में' २०१५ चं. डिव्हाइन आणि नेझी सगळ्यांना माहीत. २०१९ ला 'गली बॉय' आल्यावर तर गाणं लग्नाच्या वरातीतही वाजलं. पण बीट दिल्लीच्या सेझ ऑन द बीटचं होतं, हे किती जणांना ठाऊक आहे?

"अरे, बीटचे पैसे दिले ना एकदा!" असं म्हणणारे बरेच आहेत. त्यांनी कायदा वाचावा. आपल्या कॉपीराइट कायद्यात साउंड रेकॉर्डिंगचा 'प्रोड्युसर' म्हणजे ते बनवण्यात पुढाकार आणि जबाबदारी घेणारा, बहुतेक वेळा कंपनीच. बीट बनवणाऱ्याला हक्क मिळतो तो संगीतकार म्हणून. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराने हक्क विकले, तरी रॉयल्टीतला त्याचा समान वाटा कंपनीला लिहून घेता येत नाही. पण संगीतकार म्हणून नावच कुठे नसेल, तर वाटा मागणार कोणत्या तोंडाने? म्हणून नावाचा मुद्दा हा मानपानाचा नाही, पोटाचा आहे.

तेव्हा पोरांनो, बीट देण्याआधी दोन ओळींचा का होईना, लेखी करार करा आणि त्यात 'संगीतकार' हा शब्द घाला. रॅपर भावांनो, दोस्ती-यारीत हिशोब कशाला म्हणू नका, पोस्टरवर त्याचंही नाव टाका. आणि आपण ऐकणाऱ्यांनी? गाणं शेअर करताना बीट कोणाचं तेवढं लिहा. त्याला पैसे पडत नाहीत.