जिल्हा क्रीडा संघटना वर्षभर चालते कशी, आणि नव्या क्रीडा कायद्यानं तिथं काय बदलेल?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं राष्ट्रीय क्रीडा प्रशासन विधेयक मंजूर केलं. ११ तारखेला लोकसभेत, १२ तारखेला राज्यसभेत, आणि १८ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही. त्या आठवड्यातल्या बातम्या बघितल्या तर एकच प्रश्न सगळीकडे दिसत होता : बीसीसीआयचं काय होणार?

क्रिकेट म्हटलं की असं होणारच. पण हा कायदा ज्या साखळीबद्दल आहे तिचं शेवटचं टोक चर्चगेटच्या क्रिकेट सेंटरमध्ये नाही. ते एखाद्या जिल्ह्याच्या गावी, शाळेतल्या क्रीडा विभागाच्या खोलीत, पीटीच्या सरांच्या टेबलाच्या खणात आहे. त्या खणात संघटनेचा रबरी शिक्का, लेटरहेडचा गठ्ठा आणि पावतीपुस्तक असतं. जिल्हा संघटनेचं 'कार्यालय' म्हणजे बहुतेक वेळा एवढंच. आणि तरीही दहावीतल्या मुलीचे वाढीव गुण असोत की पदवीधर मुलाची क्रीडा कोट्यातली नोकरी, त्याचा पहिला कागद याच खणातून निघतो.

म्हणून आज उदाहरणाला क्रिकेट नको. ज्याला टीव्ही नाही, प्रायोजक नाही असा खेळ घेऊ. नेटबॉल.

आधी खेळ समजून घेऊ

नेटबॉल हा बास्केटबॉलमधून १८९० च्या दशकात इंग्लंडमध्ये वेगळा झालेला खेळ. एका बाजूला ७ खेळाडू. बास्केटची उंची तीच, ३.०५ मीटर, पण मागे बोर्ड नाही. चेंडू टप्पे मारत नेता येत नाही, हातात आला की ३ सेकंदांत पुढे द्यावा लागतो. अंगावरच्या बिबवर लिहिलेल्या अक्षरांवरून कोण मैदानाच्या कुठल्या भागात जाऊ शकतो ते ठरतं, आणि गोल फक्त दोघीच करू शकतात : गोल शूटर आणि गोल अटॅक. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जमैकात हा मुलींचा मोठा खेळ आहे. आपल्याकडे मुलगेही खेळतात. १९९८ पासून तो राष्ट्रकुल स्पर्धेत आहे. २०१० ला दिल्लीत यजमान म्हणून भारताचा महिला संघ उतरला होता, आणि २०३० ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला होणार आहे.

संघटना चालवणाऱ्याच्या दृष्टीनं यातली महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. नेटबॉलचं मैदान ३०.५ बाय १५.२५ मीटर असतं आणि बास्केटबॉलचं २८ बाय १५. म्हणजे जिल्हा क्रीडा संकुलातलं बास्केटबॉल कोर्ट मागून घेतलं तरी रेषा बाहेर जातात. मग पोल गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्यायचे, आणि मातीच्या मैदानावर फक्की मारून आखणी करायची. सामन्याच्या दिवशी सकाळी सहा वाजता फक्कीचं पोतं घेऊन जाणारा माणूस बहुधा संघटनेचा सचिवच असतो.

वर्षाचं चक्र

जूनमध्ये शाळा उघडतात आणि पावसात मैदान चिखल होतं. तेव्हा कागदाची कामं चालतात. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाची शालेय स्पर्धांची नियोजन बैठक पावसाळ्यात होते. त्या बैठकीला एकविध खेळांच्या संघटनांचे प्रतिनिधी बोलावतात, कारण स्पर्धा सरकारची असली तरी पंच आणि तांत्रिक माणसं संघटनेची लागतात. आपला खेळ कोणत्या तारखांना, कोणत्या मैदानावर, याची ओढाताण इथंच होते. क्रिकेट, कबड्डी, खो-खोला आधी तारखा मिळतात. नेटबॉलला उरलेल्या.

ऑगस्टपासून १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांच्या शालेय स्पर्धा सुरू होतात : जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय. ही झाली सरकारची शिडी. दुसरी शिडी संघटनेची स्वतःची आहे : जिल्हा निवड चाचणी, राज्य अजिंक्यपद, राज्य संघ, राष्ट्रीय अजिंक्यपद. एकच मुलगी दोन्ही शिड्या चढत असते, आणि दोन्हीकडच्या तारखा एकमेकींवर आदळतात. त्यात सहामाही परीक्षा आणि दिवाळीची सुट्टी. दिवाळीनंतर जानेवारीपर्यंतचा काळ मैदानासाठी सगळ्यात चांगला. फेब्रुवारीपासून बोर्डाच्या परीक्षा, म्हणजे मोठ्या मुली गेल्या. मार्चला हिशोब बंद करायचे, मग ऑडिट, मे महिन्यात उन्हाळी शिबिर, आणि पुन्हा जून.

या चक्रात सगळ्यात कठीण काय, तर पंच. एका सामन्याला दोन पंच, शिवाय गुणलेखक आणि वेळाधिकारी. पंच बहुतेक शारीरिक शिक्षण शिक्षकच असतात आणि त्यांना शाळेतून सोडायचं की नाही हे मुख्याध्यापक ठरवतात. जुन्या खेळाडू मुली पंच म्हणून तयार करणं हा खरा उपाय आहे. पण बारावीनंतर शिक्षणाला, लग्नानंतर सासरी, अशा त्या जिल्ह्याबाहेर जातात. दर दोन-तीन वर्षांनी पाटी कोरी.

पैसा कुठून येतो?

प्रवेश शुल्क, शाळांची वार्षिक वर्गणी आणि अध्यक्षांचा खिसा. संघटनेच्या अध्यक्षपदी आमदार, माजी आमदार किंवा संस्थाचालक का असतो, याचं उत्तर इथं आहे. मंडप, जेवण, चषक, टी-शर्ट हे त्यांच्याकडून येतं आणि बॅनरवर त्यांचा फोटो जातो. हा सौदा सरसकट वाईट म्हणता येणार नाही, कारण तो नसेल तर बऱ्याच जिल्ह्यांत स्पर्धाच होणार नाहीत.

खर्चातला मोठा आकडा प्रवासाचा. संघात १२ मुली, एक प्रशिक्षक, एक व्यवस्थापक, म्हणजे १४ तिकिटं जाऊन-येऊन. पूर्वी राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धांना जाणाऱ्या खेळाडूंना रेल्वे भाड्यात मोठी सवलत होती. मार्च २०२० मध्ये रेल्वेनं बहुतेक सवलती थांबवल्या, त्यात हीसुद्धा गेली. क्रिकेटवाल्यांना याचा पत्ताही लागला नाही. छोट्या खेळात मात्र हा भार थेट पालकांवर आला. ज्या घरात तो पेलवत नाही, तिथली मुलगी निवड होऊनही घरी राहते.

मग एवढं सगळं करायचं कशासाठी?

खेळाच्या प्रेमासाठी, हे खरंच आहे. वर्षानुवर्षं पदरमोड करणारी माणसं दुसऱ्या कशासाठी हे करणार नाहीत. पण खेळाडूच्या घरी विचाराल तर उत्तर येईल : सर्टिफिकेट.

महाराष्ट्रात दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आहेत आणि सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण. कोणत्या पातळीच्या स्पर्धेत कोणतं स्थान मिळवलं, यावर कोणत्या गटाच्या पदासाठी पात्र हे ठरतं. नोकरीसाठी ते प्रमाणपत्र आधी क्रीडा विभागाच्या विभागीय उपसंचालक कार्यालयाकडून पडताळून घ्यावं लागतं. ही पडताळणी कडक झाली त्यालाही कारण आहे. ट्रॅम्पोलिनसारख्या खेळाच्या बोगस प्रमाणपत्रांवर नोकऱ्या घेतल्याचं प्रकरण राज्यात गाजलं होतं. छोट्या खेळात हे सोपं जातं. स्पर्धा झाली की नाही हे सांगायला प्रेक्षक नसतात आणि पेपरात निकाल छापून आलेला नसतो.

याचा फटका प्रामाणिक खेळाडूला बसतो. पडताळणीत प्रश्न येतात : स्पर्धा कोणी घेतली, ती संघटना त्या वर्षी राज्य संघटनेशी संलग्न होती का, राज्य संघटना राष्ट्रीय महासंघाशी संलग्न होती का, प्रवेश यादी आणि गुणपत्रिका कुठे आहेत. मुलगी सहा वर्षांपूर्वी खेळलेली असते. तिच्या हातात एक रंगीत कागद असतो आणि बाकी सगळं त्या खणात, असलं तर.

नोंदणी वेगळी, मान्यता वेगळी

इथं बहुतेक पालक फसतात. १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली सात जण एकत्र आले की संस्था नोंदवता येते. (नेटबॉलचा संघही सातचाच, हा योगायोग.) मग महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी होते. यातून संस्थेला नोंदणी क्रमांक, पॅन आणि बँक खातं मिळतं. खेळातली मान्यता मात्र मिळत नाही. ती वरच्या संघटनेच्या संलग्नतेतून येते. त्यामुळे एकाच जिल्ह्यात, एकाच खेळाच्या, नावात 'हौशी' किंवा 'ॲम्युचर' एवढाच फरक असलेल्या दोन संस्था कायदेशीर असू शकतात, आणि दोघीही प्रमाणपत्रं छापू शकतात.

दोन संघटना झाल्या की काय होतं हे कुस्तीनं दाखवलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्यात दोन महाराष्ट्र केसरी झाले. पुण्याजवळच्या फुलगावला सिकंदर शेख जिंकला, धाराशिवला शिवराज राक्षे. दोन्ही पैलवान अव्वल, गदा दोन, वाद संघटनांचा. कबड्डीत तर राष्ट्रीय महासंघच २०१८ पासून दिल्ली उच्च न्यायालयानं नेमलेल्या प्रशासकाच्या हाती होता. निवडून आलेल्या कार्यकारिणीकडे सूत्रं द्या, हे सांगायला फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला मध्ये पडावं लागलं. कुस्ती-कबड्डीच्या भांडणाची निदान बातमी होते. छोट्या खेळाचं भांडण धर्मादाय कार्यालयातल्या फायलीत राहतं.

हे भांडण सुरू कशावरून होतं? बऱ्याचदा मतावरून. जिल्हा संघटना राज्य संघटनेत मतदार असते, राज्य संघटना राष्ट्रीय महासंघात. महाराष्ट्रात ३६ जिल्हे आहेत. ज्याच्या हातात निम्म्याहून जास्त जिल्हे, त्याची राज्य संघटना. त्यामुळे एकही मैदान न आखणारी, पण निवडणुकीला प्रतिनिधी पाठवणारी जिल्हा संघटना कोणाच्या तरी सोयीची असते. माझ्या मते आपल्या क्रीडा व्यवस्थेतला मूळ दोष हा आहे. मत संघटनेच्या अस्तित्वाला मिळतं, कामाला नाही. वर्षभर फक्की मारणारा सचिव आणि फक्त लेटरहेड असलेला सचिव, दोघांच्या मताचं वजन सारखंच.

नवा कायदा यात काय करतो?

कायद्यात तीन नव्या यंत्रणा आहेत. राष्ट्रीय क्रीडा मंडळ महासंघांना मान्यता देईल आणि त्यांच्या संलग्न संघटनांची नोंदणी करेल. निवडणूक न घेणं, लेखापरीक्षित हिशोब प्रसिद्ध न करणं, सरकारी पैशाचा गैरवापर, या कारणांवरून मंडळ मान्यता काढूही शकतं. वादांसाठी राष्ट्रीय क्रीडा न्यायाधिकरण आहे, त्यावरचं अपील सर्वोच्च न्यायालयात. आणि निवडणुकांवर देखरेखीसाठी स्वतंत्र पॅनेल. राष्ट्रीय संस्थेच्या कार्यकारिणीत जास्तीत जास्त १५ सदस्य, त्यात किमान ४ महिला आणि नामवंत खेळाडू. सलग १२ वर्षं पद भोगल्यावर विश्रांती. महिला आणि अल्पवयीन खेळाडूंच्या सुरक्षेचं धोरण आणि तक्रार निवारणाची सोयही बंधनकारक आहे.

जिल्ह्याच्या दृष्टीनं कामाची तरतूद संलग्न संघटनांच्या नोंदणीची. खरी संघटना कोणती, हे एका ठिकाणी बघता आलं तर पडताळणीतला अर्धा गोंधळ संपेल. सुरक्षा धोरणाचंही तसंच. १५ वर्षांच्या १२ मुली दोन पुरुषांबरोबर रात्रीच्या गाडीनं परराज्यात जातात, हे आजही होतं. महिला व्यवस्थापक हवीच असं सगळे म्हणतात, पण तिचं तिकीट कोणी काढायचं यावर गाडी अडते.

कमकुवत बाजूही आहेत. माहिती अधिकार सरकारी अनुदान घेणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थांना, आणि तोही त्या अनुदानाच्या वापरापुरता लागू होतो. ज्या जिल्हा संघटनेला अनुदानच मिळत नाही तिच्या पावतीपुस्तकापर्यंत तो पोचणार नाही. कार्यकारिणीचे नियम राष्ट्रीय संस्थेला डोळ्यासमोर ठेवून केले आहेत. जिल्ह्यात ते कितपत झिरपतील हे महासंघांच्या घटनादुरुस्त्यांवर ठरेल. न्यायाधिकरण वेगानं निकाल देईलही, पण नंदुरबार किंवा गडचिरोलीच्या खेळाडूला दिल्लीत वकील परवडायला हवा. आणि कागदावरच्या मताचा प्रश्न तसाच राहतो. वर्षात किती सामने घेतले, किती पंच तयार केले यावर मताधिकार ठरावा, असं कायद्यात कुठे नाही. मंडळ नोंदणी करताना ही माहिती मागू शकेल. मागेल का, हे बघायचं.

तोवर पालकांनी काय बघावं?

निवड चाचणीची जाहिरात व्हॉट्सॲपवर आली की शुल्क भरण्याआधी चालू वर्षाचं संलग्नता पत्र मागा. नोंदणी प्रमाणपत्र दाखवलं तर ते पुरेसं नाही, हे वर आलंच आहे. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन शालेय स्पर्धांसाठी ते कोणत्या संघटनेचे पंच बोलावतात ते विचारा. स्पर्धा झाल्यावर प्रमाणपत्राबरोबर प्रवेश यादीची आणि निकालाची प्रतही घ्या, शक्यतो त्याच आठवड्यात. पदाधिकारी बदलले असतील तर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज जावा लागतो. तो गेला आहे का आणि त्यावर कोणी हरकत घेतली आहे का, हेही विचारायला हरकत नाही. चांगला सचिव या प्रश्नांवर चिडत नाही. तो खण उघडून फाईल काढतो.