रेप्लिकेशन चालू आहे, पण बॅकअप आहे का?

३१ जुलै २०२४ची संध्याकाळ आठवतेय? सी-एज टेक्नॉलॉजीज ही स्टेट बँक आणि टीसीएस यांच्या भागीदारीतली कंपनी, सहकारी आणि ग्रामीण बँकांना बँकिंग सिस्टीम पुरवणारी. तिच्यावर रॅन्समवेअरचा हल्ला झाल्याची शक्यता दिसताच एनपीसीआयने तिला पेमेंट नेटवर्कपासून तोडलं. जवळपास ३०० छोट्या बँकांचं यूपीआय आणि एटीएम अडकलं. दुसऱ्या दिवशी सेवा सुरू झाल्या, पण तेव्हापासून आमच्या नगर जिल्ह्यात (कागदावर अहिल्यानगर, तोंडात अजून नगरच) पतसंस्थांचे चेअरमन एक प्रश्न हमखास विचारतात: "आपला डेटा दुसरीकडे आहे ना?"

उत्तर ठरलेलं: "हो साहेब, रेप्लिकेशन चालू आहे."

जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या एका पतसंस्थेत मी हेच बघायला गेलो होतो. मुख्य कार्यालयात एक स्टोरेज बॉक्स, शाखेत दुसरा. दर १५ मिनिटांनी सिंक, दोन्हीकडे हिरवा दिवा. मी एक टेस्ट फोल्डर बनवला, तो शाखेत पोचल्याची खात्री केली आणि इकडून डिलीट केला. पाव तासात तो तिकडूनही गायब! मॅनेजर साहेब काहीच बोलले नाहीत.

गोची इथेच आहे. रेप्लिकेशन म्हणजे आरसा. आग लागली, डिस्क गेली तर उपयोगी. पण फाईल्स रॅन्समवेअरने एन्क्रिप्ट केल्या, तर आरसा तेच इमानदारीने तिकडे पोचवतो. अर्थात दुसरी प्रत नसणं त्याहून वाईट. २६ सप्टेंबर २०२५ला दक्षिण कोरियात देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरमध्ये लिथियम बॅटऱ्यांना आग लागली आणि कर्मचाऱ्यांचं ८५८ टेराबाइटचं जी-ड्राइव्ह जळालं. डेटा फार मोठा म्हणून बाहेर बॅकअपच ठेवला नव्हता.

मग आम्ही सेटिंग बदललं. आधी दिशा: मुख्य बॉक्सने डेटा "ढकलायचा" नाही, शाखेतल्या बॉक्सने तो "ओढून" घ्यायचा. म्हणजे मुख्य बॉक्स हल्लेखोराच्या हातात गेला तरी शाखेचा पासवर्ड त्यावर सापडत नाही. (आधी दोन्हीकडे ॲडमिनचा पासवर्ड एकच होता. कोणता, ते सांगत नाही.)

मग स्नॅपशॉट. शाखेच्या बॉक्सवर तासाचे २४, दिवसाचे ३०, महिन्याचे १२. त्यातले रोजचे १४ दिवस लॉक, ॲडमिनलाही डिलीट करता येणार नाहीत असे. इथे एक खाचखळगा आहे: काही बॉक्स लॉकची मुदत स्वतःच्या घड्याळावर मोजतात. घड्याळ पुढे सरकवलं की लॉक सुटतं. तुमचा बॉक्स काय करतो ते विक्रेत्याला विचाराच.

डेटाबेसची चालू फाईल तशीच कॉपी करू नका, अर्धवट एन्ट्रीसकट जाते. आधी सॉफ्टवेअरमधूनच बॅकअप फाईल काढायची, मग ती पाठवायची.

पहिली कॉपी इंटरनेटवरून करायचा हट्टही सोडा. २ टेराबाइट डेटा आणि २० एमबीपीएस अपलोड म्हणजे सव्वानऊ दिवस, तेही लाइन आणि लाईट एकदाही गेली नाही तर. आम्ही शाखेचा बॉक्स गाडीत घालून मुख्य कार्यालयात आणला, केबलने भरला आणि परत नेऊन ठेवला. त्यानंतर रोज फक्त बदललेला भाग जातो, २-३ जीबी.

हाच आकडा आता मला सगळ्यात जास्त आवडतो. एका रात्रीत तो अचानक ३०० जीबी झाला, तर समजायचं कुणीतरी फाईल्स एन्क्रिप्ट करतंय. म्हणून मर्यादा घातली आहे: २० जीबीच्या वर गेलं की रेप्लिकेशन थांबतं आणि मेसेज येतो. मार्चअखेरीला खोटा अलार्म वाजेल, वाजू दे.

पतसंस्थांवर देखरेख सहकार खात्याची, रिझर्व्ह बँकेची नाही. त्यामुळे बँकांसारखी तपासणी इथे कुणी करेल याची वाट बघू नका. एका रविवारी आम्हीच रिस्टोअर करून पाहिलं. डेटा दोन तासांत परत आला. पण लेजर उघडेना, कारण सॉफ्टवेअरचं लायसन्स जुन्या सर्व्हरला बांधलेलं! विक्रेत्याने फोन उचलला सोमवारी दुपारी.