गाडी घसरली नव्हती, चाक उतरले होते

९ ऑगस्ट २०२४ रोजी सकाळी दूधसागरच्या घाटात कोळशाने भरलेल्या मालगाडीच्या सतरा वाघिणी रुळांवरून खाली आल्या. आमच्या घरी दोन वर्तमानपत्रे येतात, एक मराठी आणि एक कानडी. एरवी एकाच घटनेच्या दोन कहाण्या सांगणारी ही दोन्ही पत्रे दुसऱ्या दिवशी मात्र एका सुरात बोलत होती. कोणत्या एक्स्प्रेस रद्द, कोणत्या वळवल्या, आणि शेवटी ‘सुदैवाने जीवितहानी नाही’. सीमाभागात मराठी-कानडी पत्रांचे एवढे एकमत व्हायला सतरा वाघिणी आडव्या व्हाव्या लागतात!

मला भांडायचे आहे ते या ‘सुदैवाने’शी. कोणी मेले नाही म्हणजे काही घडलेच नाही, असा एक समज आपण सगळ्यांनी मिळून करून घेतला आहे. रेल्वेखात्याला तो सोयीचा आहे, वर्तमानपत्रांना जागेच्या दृष्टीने परवडणारा आहे, आणि आपल्याला आपली गाडी वेळेवर आली की तो खटकत नाही. मालगाडी घसरली तर घसरली. तिच्यात आपले कोण बसले होते?

आमच्या घरचे थोडेसे बसले होते. १९८६ सालची गोष्ट. आमचे अण्णा खानापूरच्या कौलांचा व्यापार करीत. मिरज लाईन तेव्हा मीटर गेजची होती आणि एखादी वाघीण भरून माल पाठवणाऱ्या लहान व्यापाऱ्यालाही मालधक्क्यावर उभे राहू देत. अण्णांनी एक वाघीण कौले मिरजेच्या एका दुकानदाराला पाठवली. पेंढा घालून, एकेक थर हाताने लावून. वाघीण सहा दिवस उशिरा पोचली. दार उघडले तेव्हा खालचे थर शाबूत होते आणि वरच्या निम्म्याची खापरे झाली होती. हमालांकडून कळले ते असे की मधल्या एका यार्डात शंटिंग करताना वाघिणीची दोन चाके रुळावरून उतरली, वाघीण एका अंगावर कलली, मग जॅक लावून ती पुन्हा रुळावर चढवली आणि पुढे पाठवून दिली.

अण्णांनी भरपाईचा अर्ज केला. दोन महिन्यांनी उत्तर आले, ‘सदर वाघिणीस कोणताही अपघात झाल्याची नोंद नाही.’ अण्णा त्या यार्डात स्वतः गेले. तिथला क्लार्क भला माणूस होता, त्याने चहाही पाजला. म्हणाला, “सावकार, गाडी घसरली नव्हती. चाक उतरलं होतं.” शिवाय पावतीवर ‘मालकाच्या जोखमीवर’ असे लिहिलेले होतेच. मालकाच्या जोखमीचा दर म्हणजे भाडे थोडे कमी, पण माल फुटला तर दोष खात्याचा होता हे मालकाने शाबीत करायचे. आता खानापूरच्या कौलवाल्याने त्या यार्डातला कुठला स्लीपर कुजला होता हे शाबीत कसे करावे? चौकशीचा कागद त्याच्या हाती कोण देणार? अण्णांनी तो नाद सोडला आणि पुढच्या हंगामापासून ट्रक धरला.

घरात ती गोष्ट पुढे विनोद म्हणून सांगितली जाई. कोणी परीक्षेत नापास झाले की अण्णा म्हणत, “घसरला नाही, चाक उतरलंय.” मीही हसत असे. चाक उतरणे आणि गाडी घसरणे यांतला हा फरक एका गरीब क्लार्कची पळवाट नसून देशाच्या हिशेबवहीचा पाया आहे, हे मला २०२२ साली भारताच्या महालेखापरीक्षकांचा रेल्वे घसरण्यांवरचा अहवाल आला तेव्हा कळले.

त्या अहवालात २०१७-१८ ते २०२०-२१ या चार वर्षांचा हिशेब आहे. खाते अपघातांची दोन गाठोडी बांधते. ज्यात माणसे मेली, जखमी झाली, मोठे नुकसान झाले किंवा वाहतूक फार काळ अडली, ते गंभीर परिणामांचे अपघात. बाकीचे सगळे ‘इतर’. पहिल्या गाठोड्यात चार वर्षांत २१७ अपघात होते आणि त्यांतल्या १६३ वेळा गाडी घसरली होती. दुसऱ्या गाठोड्यात १८०० होते. त्यांतल्या घसरण्या किती? १२२९. म्हणजे देशात गाडी रुळावरून उतरण्याचे जे जे प्रसंग घडले, त्यांतल्या दर आठांपैकी सातांना सरकारदरबारी आडनाव ‘इतर’.

आता संसदेत आणि जाहिरातींत जो आकडा मिरवला जातो तो पाहा. २०००-०१ मध्ये ४७३ अपघात होते, ते २०२३-२४ मध्ये ४० वर आले. खरे आहे, आणि त्याचे श्रेय ज्याचे त्याला दिले पाहिजे. मी काही कोत्या मनाचा नाही. पण हा आकडा पहिल्या गाठोड्याचा आहे. तापमापक खिशात ठेवून ताप उतरल्याचे सांगण्यासारखेच हे. घसरणारी गाडी मालाची असते तेव्हा बहुधा कोणी मरत नाही, आणि कोणी मरत नाही म्हणून ती बहुधा ‘इतर’च राहते.

तिची घसरण मात्र त्याच रुळावर झालेली असते, ज्यावरून तासाभराने आपली मुलगी पुण्याला जाणार असते.

मालवाघीण घसरते कशी, हे एकदा नीट समजून घेतले पाहिजे. चाकाच्या आतल्या बाजूला एक उंच कोर असते. ती इंचभराहून थोडी जास्त. साऱ्या गाडीचा भरवसा तेवढ्या लोखंडावर. वळणावर एका बाजूचा रूळ दबला, खडी वाहून गेली, स्लीपर सैल झाला, की चार चाकांपैकी एक चाक हलके होते आणि ही कोर रुळाच्या कडेवर चढते. पुढचे काम क्षणाचे. प्रवासी डब्याच्या स्प्रिंगा मऊ असतात, ते असा खड्डा थोडाफार गिळतात. वाघिणीच्या स्प्रिंगा कडक, त्यातून माल एका अंगाला जास्त भरलेला, किंवा वाघीण रिकामी आणि म्हणून आधीच हलकी. तेव्हा मालगाडी घसरते ती बरेचदा रूळ सर्वांआधी तिला आपले दुखणे सांगतो म्हणून. तिचे ऐकणे हे शहाण्या माणसाचे काम.

आणि आमच्या या घाटात तर रुळाला दुखण्याची सगळी कारणे आहेत. कॅसलरॉकपासून कुळेपर्यंत दर ३७ फुटांना १ फूट असा चढ. १८८८ सालच्या आसपास पोर्तुगीज अमदानीत पुरा झालेला मार्ग, त्यावर गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात ब्रॉडगेज. बोगदे, वळणे, आणि वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस. मुरगावहून कोळसा घेऊन वर येणाऱ्या गाडीला पुढची इंजिने ओढतात, मागची ढकलतात, आणि मधल्या वाघिणी वळणावर या दोघांच्या कात्रीत सापडतात. हे काम वर्षानुवर्षे बिनबोभाट होते याचे मला खरेच आश्चर्य वाटते. ते ज्यांच्यामुळे होते ते पावसात प्लॅस्टिकची खोळ पांघरून, हातोडा आणि पाना घेऊन रोज रूळ चालत जाणारे की-मन आणि गँगमन. त्यांची भाषा कधी कानडी, कधी मराठी, कधी कोकणी. त्यांना आता ‘ट्रॅक मेंटेनर’ म्हणतात आणि गार्डला २०२२ पासून ‘ट्रेन मॅनेजर’. नावे बदलायला खडी लागत नाही.

२००५ पासून आणखी एक गंमत झाली. वाघिणीच्या ठरीव क्षमतेवर आधी आठ टन आणि वर दोन टन सवलतीचे, असा जादा माल भरायला लोहखनिजाच्या मार्गांवर परवानगी मिळाली. एका आसावर २०.३२ टन येत ते २२.८ च्या घरात गेले. खाते नफ्यात आले म्हणून टाळ्या वाजल्या, मॅनेजमेंटच्या विद्यार्थ्यांना धडा म्हणून शिकवले गेले. रूळ, पूल आणि घाट यांना कोणी विचारले नाही, कारण त्यांची झीज त्या वर्षाच्या ताळेबंदात दिसत नाही. ती दिसते पंधरा वर्षांनी, लेखापरीक्षकांच्या अहवालात. ११२९ घसरण्यांच्या चौकशीचे कागद त्यांनी तपासले. त्यांतल्या ४२२ ठिकाणी दोष अभियांत्रिकी विभागाचा आणि त्यातले सर्वांत मोठे कारण रुळांची देखभाल. रूळ मोजणाऱ्या गाडीच्या तपासण्यांत ३० ते १०० टक्क्यांची तूट. शंभर टक्के तूट याचा अर्थ ती गाडी तिकडे फिरकलीच नाही! रूळ बदलण्याचा पैसा २०१८-१९ मध्ये ९,६०७ कोटी होता, तो पुढच्या वर्षी ७,४१७ कोटींवर आला. आणि सुरक्षेसाठी बाजूला काढलेल्या निधीतून कपबशाही घेतल्या गेल्या. चहाला माझी हरकत नाही; अण्णांनीही तो घेतला होता.

कोणी म्हणेल, कोळसाच सांडला ना, उचलता येतो. तर दोन गाड्यांची गोष्ट ऐका. २५ फेब्रुवारी २०२४ रोजी जम्मूतल्या कठुआ स्टेशनावर उभी असलेली खडीची मालगाडी, ५३ वाघिणींची, ड्रायव्हरशिवाय उताराला लागली आणि सत्तर किलोमीटरहून जास्त धावून पंजाबात थांबली. देश हसला. ६ जुलै २०१३ रोजी कॅनडात क्वेबेक प्रांतात अशीच एक मालगाडी रात्री उतारावर उभी करून ठेवली होती. हातब्रेक पुरेसे लावलेले नव्हते, इंजिन बंद पडल्यावर हवेचे ब्रेकही सैल झाले, आणि कच्च्या तेलाच्या ७२ टाक्या घेऊन ती लाक-मेगांतिक नावाच्या गावात घुसली. ४७ माणसे जळून मेली. दोन्हीकडे चूक एकाच जातीची. फरक वाघिणीत काय होते आणि उताराच्या पायथ्याशी काय होते एवढाच. कॅनडातला तो उतार ऐंशीला एक होता. आपला सदतीसला एक.

घाटात दुसरी लाईन टाकली की हे सगळे मिटेल, असे आमच्या बाजूचे बरेच लोक मानतात, आणि गोवेकर ती होऊ देत नाहीत म्हणून चरफडतात. नोव्हेंबर २०२० मध्ये चांदरचे लोक रात्री रुळांवर जाऊन बसले तेव्हा इकडे त्यांना काय काय म्हटले गेले ते मी ऐकले आहे. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घाटातल्या दुपदरीकरणाची वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. त्यावर वाद जरूर घालावा. पण दुसऱ्या लाईनीने गाड्या वाढतात, पहिल्या लाईनीचा सैल स्लीपर घट्ट होत नाही. ज्याला एक रूळ सांभाळता येत नाही त्याला दोन दिल्याने काय होणार?

आणि मी रेल्वेचा वैरी आहे असे कोणी समजू नये. चोर्ला आणि अनमोड घाटात रोज जे ट्रक उलटतात ते पाहून माल रुळांवरूनच जावा असे म्हणणाऱ्यांत मी पहिला. स्वातंत्र्यानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत देशातला चार पंचमांशाहून अधिक माल रेल्वेने जाई, आज एक तृतीयांशही जात नाही. २०३० पर्यंत तो ४५ टक्क्यांवर न्यायचा असे राष्ट्रीय रेल्वे योजना म्हणते. न्यावा. पण अण्णांसारखे लहान व्यापारी रेल्वे सोडून गेले ते ट्रक स्वस्त म्हणून नव्हे. फुटलेल्या कौलांबद्दल ट्रकवाल्याची गचांडी धरता येत होती म्हणून.

माझी मागणी लहान आहे. आमच्या प्रत्येक स्टेशनाच्या पिवळ्या फलकावर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. ती गेल्या शंभर वर्षांत कोणाला उपयोगी पडली असेल तर मला ठाऊक नाही. तिच्याखाली दोन ओळी आणखी रंगवाव्यात, कानडीत, मराठीत आणि गोव्याच्या बाजूला कोकणीतही. रूळ मोजणारी गाडी या टापूत शेवटची कधी आली, ती तारीख. आणि या वर्षी इथे किती वेळा चाक उतरले.