वर्गणी भरताय, पण कोणाची?

चौदा एप्रिल जवळ आला की वस्तीत वर्गणीचे पुस्तक फिरते. शंभराची पावती फाडताना दहा प्रश्न विचारले जातात. मागच्या वर्षीचा हिशोब कुठे आहे? डीजेवर किती उडवले? वाचनालयाला काय दिले? प्रश्न योग्यच आहेत, विचारलेच पाहिजेत. पण त्याच घरातून दर महिन्याला दुसरी एक वर्गणी गुपचूप कापली जाते. टीव्हीची, ओटीटीची, वायफायची. तिचा हिशोब मात्र कोणी मागत नाही. आज आम्हाला या दुसऱ्या वर्गणीबद्दल बोलायचे आहे.

हा विषय काढला की दोन उत्तरे ठरलेली असतात.

पहिले उत्तर असे : 'करमणुकीत जात कशाला आणता?' साथींनो, जात आपण आणलेली नाही, ती पडद्यावर आधीच येऊन बसलेली आहे. मराठी मालिकांमधले घर आठवून पाहा. मोठा वाडा, कोपऱ्यात देवघर, सणाला नटलेल्या सुना, आणि वेगळ्या भाषेत बोलून हसवणारी कामवाली. या घराला 'सर्वसामान्य मराठी कुटुंब' म्हणतात. आपल्या घरातली भिंतीवरची बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर तिथे किती वेळा दिसते? म्हणूनच २०२३ साली 'मेड इन हेवन'च्या दुसऱ्या पर्वात नीरज घायवानने बौद्ध पद्धतीचा विवाह दाखवला, तेव्हा तो प्रसंग आपल्या पोरांच्या मोबाईलवरून मोबाईलवर फिरत राहिला. साधे लग्न होते ते! दर आठवड्याला आपल्या वस्तीत लागते तसे. तरीही ते पाहून डोळे भरून आले, यातच पडद्याने आजवर आपल्याशी काय केले ते कळते.

दुसरे उत्तर आपल्याच चळवळीतून येते : 'टीव्ही म्हणजे ब्राह्मणी माध्यम, तो बंदच करा.' ऐकायला हे क्रांतिकारक वाटते, पण बाबासाहेबांनी तसे केले नाही. 'केसरी'ने 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही छापायला नकार दिला, म्हणून त्यांनी वर्तमानपत्रे वाचणे सोडले का? ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी स्वतःचे पत्र काढले. दुसऱ्यांची पत्रे वाचत राहिले आणि त्यांना उत्तरेही देत राहिले. शाहू महाराजांनी 'मूकनायक'ला अडीच हजार रुपयांची मदत केली होती. पुढे १९२७ साली सुरू झालेले 'बहिष्कृत भारत' १९२९ मध्ये बंद पडले, ते विचार संपले म्हणून नाही, पैसा संपला म्हणून. यातला धडा सरळ आहे. माध्यम वर्गणीवर जगते. ज्याला वर्गणी मिळते त्याचा आवाज टिकतो.

म्हणून प्रश्न टीव्ही ठेवायचा की फोडायचा हा नाहीच. घरात काय घ्यायचे, किती पैसे घालायचे आणि हे कोण ठरवणार, हा प्रश्न आहे.

आधी फुकटाचे पाहू. डीडी फ्री डिशला दर महिन्याचे पैसे नाहीत. छत्री आणि सेट टॉप बॉक्सचा खर्च एकदाच करायचा. हातावर पोट असलेल्या घराला हा पर्याय चांगला आहे, त्यात कमीपणा कसला? पण फुकट म्हणजे निष्पक्ष नव्हे. २८ मार्च २०२० पासून, टाळेबंदीत सगळा देश घरात कोंडलेला असताना, दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा लावले. मजूर पायी गावाकडे निघाले होते, आणि सरकारी वाहिनीला तेच दाखवावेसे वाटले. खाजगी फुकटाचेही तसेच. २०२३ साली आयपीएल जिओसिनेमावर फुकट दाखवली. पोरांना सवय लागली. २०२५ मध्ये जिओहॉटस्टार झाले आणि त्याच सामन्यांना पैशांची पायरी आली. सवय लावणारा कधीतरी वसुलीला येतोच.

आता पैसे देऊन घ्यायचे पर्याय. डिसेंबर २०२१ मध्ये नेटफ्लिक्सने भारतातले दर उतरवले. फक्त मोबाईल-टॅबवर चालणारा प्लॅन १९९ वरून १४९ वर आला आणि टीव्हीवर चालणारा सर्वांत साधा प्लॅन ४९९ वरून १९९ वर. म्हणजे फरक पन्नास रुपयांचा. पण आपल्या घरात काय होते? कमावता पोरगा स्वतःपुरता मोबाईलचा प्लॅन घेतो, कानात हेडफोन घालतो आणि कोपऱ्यात बसून जगातले उत्तम सिनेमे बघतो. आई कामावरून येते, भाकऱ्या थापता थापता समोर लागलेली सासू-सुनेची मालिका बघते. मग तोच पोरगा फेसबुकवर लिहितो, 'आपल्या बायका मालिकांच्या नादी लागल्या आहेत.' अरे, तू तिला दुसरे काही दाखवलेस का? पन्नास रुपये वाचवून तू घराचे दोन भाग केलेस. एका भागात आंबेडकरी विचार आणि दुसऱ्या भागात हळदीकुंकू.

हे आम्ही दुसऱ्यांना बोट दाखवून लिहीत नाही. आमच्याही घरांत हेच झाले आहे. सभेत स्त्रीमुक्तीवर बोलून घरी आल्यावर रिमोट आपणच ओढून घेतलेला असतो. समाजाची प्रगती बाबासाहेब स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजत. १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत त्यांनी ते स्पष्ट सांगितले. त्या मापाने आपल्या घरातला रिमोट मोजून पाहा.

एकत्र बसून पाहण्याने काय होते? 'फँड्री'तला जब्या मोबाईलवर एकट्याने पाहणे वेगळे आणि आजीशेजारी बसून पाहणे वेगळे. डुकरांच्या मागे धावणारे ते कुटुंब दिसले की आजी मध्येच बोलू लागते. गावात कोणती कामे वाट्याला यायची, पाणी कुठून घ्यावे लागायचे, ती कोणत्या साली गाव सोडून आली. हे तिने आजवर कोणाला सांगितलेले नसते, कारण कोणी विचारलेलेच नसते. सिनेमा दोन तासांत संपतो, आजीचे बोलणे संपत नाही. नातवंडांना इतिहास असा मिळतो. हेडफोनमधून हे होणार नाही.

तिसरा मुद्दा वर्षभराच्या वर्गणीचा. आपले सिनेमे एका जागी नाहीत. सूर्या आणि न्यायमूर्ती चंद्रूंच्या खटल्याचा 'जय भीम' २०२१ मध्ये प्राइम व्हिडिओवर आला. मारी सेल्वराजचा 'कर्णन', पा. रंजितच्या संस्थेने काढलेला 'परियेरुम पेरुमाळ', नागराज मंजुळेंचा 'सैराट', चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट', हे सगळे विखुरलेले असतात आणि हक्क संपले की एका ॲपवरून उठून दुसऱ्यावर जातात. मग एकाच कंपनीला वर्षाचे पैसे आधी मोजून काय उपयोग? त्यात जून २०२५ पासून प्राइमने पैसे भरणाऱ्यांनाही जाहिराती दाखवायला सुरुवात केली आणि त्या नको असतील तर वेगळे पैसे मागितले. त्यापेक्षा एका वेळी एकच ॲप, एकाच महिन्यासाठी घ्या. यादी आधी करा, महिनाभरात ती पाहून संपवा, ॲप बंद करा. आपोआप पैसे कापण्याची सोय पहिल्याच दिवशी बंद करा.

चौथा मुद्दा मुलांचा. बहुतेक मोठ्या ॲपवर लहान मुलांचे वेगळे प्रोफाइल करता येते, मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन लावता येतो. हे दहा मिनिटांचे काम आहे. 'नंतर करू' म्हणत आपण पोराच्या हातात मोबाईल देतो आणि पुढे काय लागेल ते यंत्रावर सोडतो. यंत्र एक चमत्कारकथा पाहिली की तशाच दहा पुढे करते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातल्या मुलांचे मन घडवण्याचे काम आपण कंपनीला ठेक्याने देणार आहोत का?

ओटीटीवर स्वातंत्र्य आहे, अशाही भ्रमात राहू नका. २०२५ साली 'फुले' सिनेमातून सेन्सॉर मंडळाने जातींची नावे आणि 'पेशवाई' हे शब्द काढायला लावले. ११ एप्रिलचे प्रदर्शन २५ एप्रिलवर गेले. संध्या सुरींचा 'संतोष' हा दलित मुलीच्या खुनाचा तपास दाखवणारा सिनेमा इथल्या चित्रपटगृहात लागू शकला नाही आणि त्याच वर्षी ओटीटीवर येता येता अडला. जोतिरावांच्या महाराष्ट्रात जोतिरावांवरच्या सिनेमाला कात्री लागते आणि आपण 'पुढचा भाग कधी येणार' एवढेच विचारतो. पैसे भरणारा ग्राहक म्हणून तरी तोंड उघडा. ॲपच्या तक्रारपेटीत लिहा, मराठी उपशीर्षके मागा, अडवलेले सिनेमे मागा.

तर या रविवारी एवढेच करा. घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसा. बँकेचे मेसेज उघडा आणि टीव्ही, ओटीटी, रिचार्ज यांवर महिन्याला किती जातात ते वहीत लिहा. घरातला प्रत्येक जण खरोखर काय पाहतो ते विचारा, आणि सुरुवात आईपासून करा. न पाहिलेले बंद करा. जे घ्याल ते टीव्हीवर चालणारे घ्या. वाचलेल्या पैशांतला निम्मा भाग आपल्या माणसांच्या कामाला द्या. माहितीपट काढणारे, यूट्यूबवर वाहिनी चालवणारे, नियतकालिक टिकवून ठेवणारे, वस्तीतले वाचनालय उघडे ठेवणारे, हे सगळे आजचे 'बहिष्कृत भारत' आहेत. त्यांनाही पैशाअभावी बंद पडू द्यायचे का?

वर्गणी तर आपण भरतोच आहोत. निदान ती कोणाची भरतोय, एवढे तरी पाहू या.

जय भीम!